गाडी ऑइल खाते, पण कोणत्या तोंडाने? जुन्या ट्रकचे इंजिन उतरवण्याआधीचा तपास

सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून त्या सुरू करण्यास परवानगी दिली आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्यावर मार्चच्या मध्यापासून त्या पुन्हा थांबल्या. या उघडझापीत डिचोली, सत्तरी, सांगे, केपे भागांतले कितीतरी टिपर माडांखाली ताडपत्री पांघरून वर्षानुवर्षे उभे राहिले. आता लिलावात गेलेल्या काही पट्ट्यांवर काम सुरू झाल्यापासून हे ट्रक पुन्हा रस्त्यावर दिसू लागले आहेत, आणि त्यांच्या मालकांकडून, तसेच मधल्या काळात चिरे, रेती, खडी यांच्या भाड्यावर ज्यांनी गाडी जगवली त्यांच्याकडूनही, एकच तक्रार ऐकू येते: गाडी ऑइल खाते.

गॅरेजमध्ये या तक्रारीला बहुधा एकच उत्तर मिळते, ते म्हणजे इंजिन उतरवा. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणि हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, काम धरून होणारा खर्च असा असतो की मालकाला तो ट्रकच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो. निदान खरे असेल तर इलाज नाही. परंतु पुष्कळदा ते निदान नसून अंदाज असतो. डब्यातला तांदूळ महिन्याआधी संपला तर आपण आधी मापटे तपासतो, मग डब्याचे बूड पाहतो, मग उंदराचा माग काढतो. स्वयंपाकघर पाडायला कोणी निघत नाही. ऑइलचा तपासही याच क्रमाने करता येतो, आणि त्यातला निम्मा भाग मालकाला स्वतःच्या अंगणात, फारशा हत्यारांशिवाय उरकता येतो.

थोडे ऑइल जळणारच

घावणे घालण्याआधी आपण अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतो. कांदा तेल लावतोही आणि जास्तीचे पुसूनही नेतो. मागे राहतो तो नुसता ओशटपणा. इंजिनातल्या पिस्टनवर सहसा तीन रिंगा असतात, त्यांपैकी वरच्या दोन मुख्यतः स्फोटाचा दाब अडवतात आणि खालची तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, हे कांद्याचे काम करते. सिलिंडरच्या आतल्या नळीला, म्हणजे लायनरला, मुद्दाम एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडलेल्या असतात, त्यांत ऑइलचा पापुद्रा टिकतो आणि पिस्टन त्यावरून घसरतो. पेटत्या डिझेलशी या पापुद्र्याची गाठ मिनिटाला शेकडो वेळा पडत असल्याने त्यातला अंश जळतो. तेव्हा ऑइल अजिबात न खाणारे डिझेल इंजिन नसते आणि खरा प्रश्न प्रमाणाचा उरतो.

किती म्हणजे जास्त?

इथे बहुतेकांची पहिली चूक होते, कारण ट्रकला मोटारीचे माप लावले जाते. समजा, एक टिपर १००० किलोमीटरला एक लिटर ऑइल खातो आणि लिटरमागे ४ किलोमीटर चालतो. तेवढ्या अंतरात त्याने २५० लिटर डिझेल जाळले, म्हणून ऑइलचे प्रमाण डिझेलच्या ०.४ टक्के झाले. लिटरला १५ किलोमीटर देणारी मोटार तेवढेच ऑइल तेवढ्याच अंतरात खात असेल, तर तिने जाळलेले डिझेल सुमारे ६७ लिटर आणि प्रमाण दीड टक्का. मोटारीसाठी ही काळजीची गोष्ट आहे. वय झालेल्या ट्रकसाठी ०.४ टक्के म्हणजे लक्ष ठेवावे इतकेच. जड डिझेल इंजिनांत धडधाकट इंजिन डिझेलच्या पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी ऑइल खाते, अर्ध्या टक्क्यावर गेले की तपास सुरू करावा आणि एक टक्क्याला पोचले की तो टाळू नये, असा ढोबळ ठोकताळा धरता येतो. कंपनीच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर अर्थातच तो प्रमाण.

किलोमीटरऐवजी डिझेलशी तुलना करण्याचे आणखी एक कारण खाणपट्ट्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन, हौदा वर उचलताना फिरणारे इंजिन, जेटीपर्यंतची १२-१५ किलोमीटरची खेप: यात किलोमीटर थोडे आणि इंजिनाचे तास भरपूर होतात. किलोमीटरवर हिशेब केला तर असा ट्रक उगाच खादाड ठरतो.

पट्टी खोटे बोलते तेव्हा

मोजमाप एका वहीवर होते, पण त्याला शिस्त लागते. ट्रक रोज त्याच सपाट जागी उभा करावा, इंजिन बंद करून १०-१५ मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे वर गेलेले ऑइल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या बुडाशी असलेल्या ऑइलच्या टाकीत) उतरते, आणि मगच ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढावी. किती ऑइल ओतले ते मापाच्या भांड्याने मोजावे. ‘अर्धा डबा टाकला’ ही नोंद नव्हे. शेजारी किलोमीटर आणि भरलेले डिझेल लिहावे. किमान दोन-तीन टाक्या डिझेल जळेपर्यंत ही वही चालवल्याशिवाय कोणत्याही निष्कर्षावर येऊ नये, असे माझे मत आहे.

ही वही लिहिताना दोन फसवणुकी उघड होतात. ‘असू दे थोडे जास्त’ म्हणून वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरण्याची सवय पुष्कळांना असते. अशा वेळी फिरणारा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा, ऑइल घुसळतो, त्याचा फेस होतो आणि जास्तीचे ऑइल श्वासनळीवाटे, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, बाहेर जाते. दोन दिवसांत पातळी उतरते, मालक पुन्हा वरपर्यंत भरतो आणि गाडी खादाड असल्याची त्याची खात्री पटते. दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवून पाहिली, तर काही गाड्यांची ‘भूक’ तिथेच शमते.

दुसरी फसवणूक याच्या उलट आणि जास्त घातक असते. गळके इंजेक्टर किंवा झिजलेला डिझेल पंप यांतून डिझेल ऑइलमध्ये उतरते, जळालेल्या ऑइलची जागा ते भरून काढते आणि पट्टीवरची पातळी महिनाभर हलत नाही. मालक खूश असतो आणि बेअरिंगे पातळ झालेल्या ऑइलवर चालत असतात. पट्टीला डिझेलचा वास येत असेल, ऑइल बोटांत पाण्यासारखे वाटत असेल किंवा न भरताच पातळी वाढत असेल, तर इतर कशाच्याही आधी याचा छडा लावावा.

पावसाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दिसणाऱ्या पांढरट साईलाही इथे उत्तर देऊन टाकतो. गोव्याच्या दमट हवेत, कमी चाललेल्या गाडीत, वाफेचे पाणी ऑइलमध्ये मिसळून अशी साय धरते. तेवढ्यावरून हेड गॅस्केट गेली असे होत नाही. पट्टीवरचे सगळे ऑइलच दुधाळ झाले असेल किंवा रेडिएटरमध्ये ऑइल तरंगत असेल, तर मात्र गॅस्केट अथवा ऑइल कूलर यांच्याकडे बोट जाते.

आधी बाहेर पाहावे

कौलारू घरात कौल फुटलेले असते एका जागी आणि थेंब पडतो दुसऱ्याच खोलीत, कारण पाणी वाशावरून ओघळत जाते. इंजिनाची गळतीही तशीच चालते, भरीला चालत्या गाडीचा वारा तिला मागे ढकलतो. त्यामुळे मागच्या ऑइल सीलची समजली जाणारी गळती प्रत्यक्षात वरच्या टॅपेट कव्हरची निघू शकते, आणि त्या दोन कामांच्या खर्चात मोठी तफावत असते, कारण मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स काढावा लागतो. उपाय साधा आहे. इंजिन धुऊन कोरडे करावे, संशयाच्या जागांवर अंगाला लावायची पावडर उडवावी, तासभर गाडी चालवावी आणि सर्वांत उंचावरचा ओला डाग शोधावा. खालचे सगळे डाग त्याचीच लेकरे असतात.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या ट्रकात रबरी सील कडक होऊन चिरतात, म्हणून ताडपत्रीतून बाहेर काढलेल्या गाडीत ही शक्यता आधी धरावी. सेकंदाला एक थेंब किरकोळ वाटतो, पण दिवसाकाठी त्याचे काही लिटर होतात.

ब्रेकच्या टाकीत सापडलेले ऑइल

ट्रकात एक तोंड असे असते जे मोटारीत नसतेच, आणि माझ्या मते ते सर्वांत दुर्लक्षित आहे. एअर ब्रेकसाठी लागणारी हवा दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि त्याला वंगण इंजिनाच्याच ऑइलचे मिळते. त्याच्या छोट्या पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर टाक्यांत जाते. धूर नाही, खाली डाग नाही. ऑइल मात्र कमी होत राहते.

साखळी शहराच्या बाजूचे आमच्या ओळखीचे एक काका आपला दहाचाकी टिपर घेऊन असेच हैराण झाले होते. गॅरेजवाल्याने इंजिन उतरवायची तारीखही दिली होती. मी त्यांना सहज विचारले, “काका, टाक्यांचे पाणी रोज सोडता?” ते म्हणाले, “पोरगा सोडतो, पावसात तर पाणीच पाणी.” आम्ही वाकून चासीखालच्या पहिल्या टाकीची कडी ओढली. आधी फुस्स करून हवा आली, मग थोडे पाणी, आणि मग काळा, दाट, ताकाच्या गुठळ्यांसारखा ओघ, जो खाली धरलेल्या पत्र्याच्या डब्यात पेलाभर साठला. काकांनी डब्यात बोट बुडवले, वास घेतला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. कॉम्प्रेसर दुरुस्त झाला आणि इंजिनाची तारीख रद्द झाली.

दमट हवेमुळे टाकीत पाणी साठते आणि त्यावर ऑइलचा पुसट तवंग असतो, एवढे नेहमीचे समजावे. काळे ऑइल चमच्या-चमच्याने येऊ लागले की कॉम्प्रेसर संशयित ठरतो. हे नुसते ऑइलच्या खर्चाचे प्रकरणही नाही. ते ऑइल ब्रेकच्या व्हॉल्व्हांतले रबर फुगवते आणि नळ्यांत कोळसा धरतो. चोर्ला किंवा अनमोड घाट भरल्या गाडीने उतरणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

“धूर दिसत नाही, मग जळते कसे म्हणता?”

हा आक्षेप रास्त आहे, पण आकडा पाहावा. १००० किलोमीटरला एक लिटर म्हणजे किलोमीटरला एक मिलिलिटर, आणि तेवढ्याच अंतरात २५० मिलिलिटर डिझेल जळते. अडीचशेत एक भाग डोळ्यांना दिसेलच असे नाही. निळसर धूर स्पष्ट दिसू लागतो तेव्हा खप बराच पुढे गेलेला असतो.

धूर दिसला तर त्याचा रंग उपयोगी पडतो. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, त्याचा ऑइलशी संबंध नसतो. थंड इंजिनाचा पांढरा धूर बहुधा न जळलेल्या डिझेलचा असतो आणि गरम झाल्यावरही तो राहिला तर पाण्याच्या वाफेची शंका घ्यावी. निळसर आणि उग्र वासाचा धूर ऑइलचा. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी पहिल्या मिनिटात निळा लोट सोडला आणि मग ती शांत झाली, तर हेडमधल्या व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल ठिबकले असण्याची शक्यता असते; चढावर, भरल्या गाडीला सतत निळा धूर असेल तर रिंगा आणि टर्बो (त्याच्याविषयी पुढे) यांच्याकडे पाहावे. घाट उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दाबल्यावर येणाऱ्या धुरावरून व्हॉल्व्ह सीलचे निदान करण्याची पद्धत मात्र पेट्रोल गाड्यांची आहे. तिथे अॅक्सिलरेटर सोडला की हवेच्या मार्गात निर्वात पोकळी तयार होते आणि ती ऑइल ओढते. जुन्या डिझेल इंजिनात हवेचा मार्ग बंद करणारी झडपच नसल्याने ती कसोटी जशीच्या तशी लागू पडत नाही.

लाल फडके

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, जो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि ऑइलच्या पापुद्र्यावर तरंगत राहतो. ते ऑइल परत खाली येते ते केवळ उतारामुळे. परतीची नळी चेपली, कोळशाने भरली किंवा इंजिनाच्या पोटातच दाब वाढला, तर ऑइलला खाली जाता येत नाही आणि ते दांड्याच्या कडेने बाहेर पडते. म्हणूनच नवा टर्बो बसवूनही महिन्याभरात तीच गळती सुरू झालेली गाडी दिसते. टर्बोचा त्यात दोष नव्हता, त्याची मोरी तुंबली होती.

टर्बोकडे जाणारी हवेची नळी सोडवली की आणखी एक गोष्ट फुकटात कळते. फिल्टरच्या पुढची, म्हणजे स्वच्छ हवेची बाजू पांढऱ्या फडक्याने आतून पुसावी. फडके ओशट झाले तर चालेल, पण लाल झाले तर इंजिन खनिजाची धूळ खात आहे. या धुळीतले गारगोटीचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ऑइलमध्ये मिसळून ते रिंगा आणि लायनर यांना पॉलिश पेपरसारखे घासतात. टायरवर आपटून फिल्टर साफ करण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे, आणि ती मला इंजिनावरच्या हातोड्याइतकीच वाईट वाटते, कारण तिने कागद फाटतो, कड वाकते आणि धुळीला वाट मिळते. उलट टोकाला, पार तुंबलेला फिल्टरही टर्बोच्या तोंडाशी ओढ वाढवून ऑइल खेचून घेतो. फडके लाल निघाले असेल तर कारण दूर केल्याशिवाय नव्या रिंगा घालणे म्हणजे त्याच जात्यात नवे दाणे टाकणे आहे.

रिंगा गेल्याचा पुरावा

इतके सगळे पाहून झाल्यावर रिंगांकडे यावे. रिंगा सैल झाल्या की स्फोटाचा वायू पिस्टनच्या कडेने खाली इंजिनाच्या पोटात उतरतो. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘बॅक कॉम्प्रेशन मारते’. इंजिन गरम असताना, अॅक्सिलरेटर न दाबता नुसते चालू ठेवून, ऑइल भरण्याचे झाकण सैल करून त्या तोंडावर उलटे ठेवावे. ते किंचित थरथरले तर ठीक, उडू लागले आणि तोंडातून धुराचे झोत आले तर वायू उतरत आहे. जुन्या ट्रकांत श्वासनळी बहुधा खाली उघडी सोडलेली असते. तिच्या टोकाखालची चासी ऑइलने माखली असेल तर तोही पुरावा.

यापुढची परीक्षा हत्यारांची आहे. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून त्यांची आपापसांत तुलना करावी: सहापैकी एकच खाली असेल तर त्या एका सिलिंडरची कथा वेगळी, सहाही खाली असतील तर वय किंवा धूळ. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे पिस्टन वर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, सिलिंडरमध्ये बाहेरून हवा भरणे आणि ती कुठून निसटते ते ऐकणे. ऑइल भरण्याच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल ओतून कॉम्प्रेशन वाढते का ते पाहण्याची पेट्रोल इंजिनाची युक्ती डिझेलला लावू नये. डिझेलमध्ये हवा सुमारे १७ पट दाबली जाते, पिस्टनच्या वर जागा फारच थोडी उरते आणि ऑइल दाबले जात नसल्याने मोठे नुकसान होऊ शकते.

“पण गाडीची ओढ तर चांगली आहे!”

दाब अडवणाऱ्या रिंगा शाबूत असून फक्त ऑइल रिंग कोळशाने जाम झाली असेल, तर ओढ चांगली राहूनही खप वाढतो. लांबलेले ऑइल बदल आणि रांगेतले तासन्‌तासचे रिकामे फिरणे ही याची नेहमीची कारणे आहेत. वर्षानुवर्षे उभ्या ट्रकात रिंगा खाचेत चिकटतात. अशी गाडी चांगले ऑइल घालून, मध्यम भाराने काही शे किलोमीटर चालवल्यावर खप उतरतो का, हे वहीत पाहण्यासारखे असते. लायनरला गंज धरला असेल तर मात्र तो उतरत नाही.

“जाड ऑइल घातले तर?”

खप थोडा कमी होतो, ही गोष्ट खरी. परंतु थंड इंजिनात जाड ऑइल उशिरा पोचते आणि त्याचा पहिला फटका टर्बो व बेअरिंग यांना बसतो. पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० (ऑइलच्या जाडीचा क्रमांक) सांगितले असताना त्याहून जाड ऑइल किंवा खप थांबवण्याची हमी देणारी डबी ओतणे म्हणजे गळक्या कौलाखाली भांडे ठेवणे आहे. गाडी विकण्याआधी हे अनेकदा केले जाते, म्हणून जुना ट्रक घेणाऱ्याने आधी ऑइल बदलून मगच खप मोजावा.

किल्ली काढूनही इंजिन थांबले नाही तर

डिझेल इंजिनाला ऑइलही जळण म्हणून चालते. टर्बोतून किंवा भरमसाट भरलेल्या चेंबरमधून ऑइल मोठ्या प्रमाणात आत गेले, तर डिझेल बंद करूनही इंजिन स्वतःच्या ऑइलवर धावत सुटते आणि वेग वाढतच जातो. अशा वेळी ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन कोंडावे, किंवा हवेचे तोंड जाड फळीने झाकावे. हाताने कधीही नाही. जमत नसेल तर लांब पळावे.

उतरवायचेच ठरले तर

वही, झाकण आणि कॉम्प्रेशन या तिघांची साक्ष एक आली, की इंजिन उतरवण्यात कमीपणा नाही. त्यानंतरची एक चूक मात्र आपल्याकडे परंपरेने होते: काम झालेले इंजिन ‘रनिंग’साठी तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवले जाते. नव्या रिंगा लायनरवर बसतात त्या दाबाने, आणि दाब येतो भाराने. रिकाम्या फिरण्याने लायनरच्या त्या तिरप्या रेघा गुळगुळीत काचेसारख्या होतात आणि नवे इंजिन पहिल्या महिन्यापासून ऑइल खाऊ लागते. गळती आणि ऑइलचा दाब तपासण्यापुरते ते उभे चालवावे, मग अर्ध्या भाराने, वेग कमी-जास्त करत रस्त्यावर काढावे. सुरुवातीच्या काही हजार किलोमीटरांत खप थोडा जास्त राहतो आणि मग उतरून स्थिर होतो. तो आकडा कुठे स्थिरावला ते वहीच्या नव्या पानावर पहिल्या ओळीत लिहून ठेवावे, कारण पुढच्या तक्रारीच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची असते.